तुमच्या भावाच्या पाच बेडक्या

शुक्रवार, दुपारच्या सुट्टीत

थोरल्या वन्सं नोबान्तु यांना,

त्सोमोच्या घराला, घरातल्या सगळ्यांना आणि अंगणातल्या दोन्ही बकऱ्यांना तुमच्या धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. मी इथे केपमध्ये अजून जिवंत आहे आणि तुम्हीही असाल या भरवशावर लिहिते आहे. उजवा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात डावा बरा असल्याचं लिहिलं होतंत, उजव्याबद्दल काहीच नव्हतं, आणि तुम्ही ज्याबद्दल लिहीत नाही तेच जास्त दुखत असतं हे मला इतक्या वर्षांत कळून चुकलं आहे. चर्चमधल्या दुसऱ्या बाकाचा वाद मिटला का? मिटला नसेल तर तुम्ही आपण होऊन उठू नका. माझ्या मते तो बाक तुमचाच आहे.

आधी शोकाबद्दल लिहिते, कारण पत्र उघडल्यावर तुम्ही तेच शोधाल. काळे कपडे रोज घालते. तुम्ही शालीला टोचलेली पिन अजून तिथेच आहे. सूर्य बुडायच्या आत घरी पोचते. मोठ्याने बोलत नाही (तशी आधीही बोलत नव्हते, त्यामुळे याबद्दल माझं फार कौतुक करू नका). कुणाच्या हातात वस्तू देत नाही, टेबलावर ठेवते आणि समोरचा उचलतो. बस सुटताना तुम्ही खिडकीपाशी येऊन म्हणालात, "काच दिसली की झाकायची, वर्षभर. स्वतःचं तोंड बघायचं नाही." ते मी अक्षरशः पाळते आहे. आरसा झाकला, टीव्ही भिंतीकडे वळवला. स्टीलच्या किटलीत तोंड दिसतं हे तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, तेव्हा तिला तुमच्या भावाचा लोकरी पायमोजा चढवला. चहा आता पुष्कळ वेळ गरम राहतो.

प्रयोगशाळेत, कामावरही तेच. मी महिनाभर गावी होते तेवढ्यात आमच्या डॉक्टरबाईंनी बेडकांची अंडी ठेवायचं जुनं लाकडी कपाट काढून टाकलं, आणि दुकानात थंड पेयांच्या बाटल्या ठेवतात तसलं काचेच्या दाराचं उभं कपाट आणून बसवलं. त्यातली थंडी कमी करून ती अठरा अंशांवर धरून ठेवणारी एक डबी त्याच्या डोक्यावर बसवली आहे. हे मला कुणी सांगितलं नाही, डबीवरच्या कागदावरून कळलं. (शोकातल्या बाईशी इथे कुणी फारसं बोलत नाही. मीही विचारत नाही.) परत आल्या दिवशी त्या कपाटापुढे गेले तर काचेत एक काळी बाई उभी! तिथल्या तिथे डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी तुमच्या भावाची तपकिरी चादर अर्धी कापून आणली आणि चार पिना लावून दारावरून सोडली. दाराच्या फटीतून एक पांढरी तार आत गेली होती, तिच्यामुळे कापड एका बाजूला फुगत होतं. ती ओढून घेतली आणि कापडाच्या दुमडीत खोचून टाकली. आता कापड इस्त्री केल्यासारखं सरळ पडतं. तुम्ही बघितलं असतंत तर तुम्हाला समाधान वाटलं असतं.

एवढं शोकाबद्दल. आता ज्यासाठी हे पत्र आहे ते सांगते. वन्सं, इथे कुणीतरी तुमच्या भावाच्या बेडक्यांची अंडी मुद्दाम बिघडवत आहे.

तुमचा भाऊ बावीस वर्षं आमच्यासाठी शेततळ्यांतून बेडूक पकडून आणत होता हे तुम्हाला माहीत आहे. झाकणाला भोक पाडलेल्या दोन बादल्या आणि आत बैलाचं काळीज, एवढंच त्यांचं भांडवल. बेडकाला काळजाचा वास सासरच्या माणसांपेक्षा लवकर लागतो असं ते म्हणत. (हे तुम्हाला उद्देशून नसे.) जूनमध्ये, पावसाच्या झडीत, त्यांनी शेवटच्या पाच बेडक्या आणल्या. चांगल्या तळहाताएवढ्या. बादली माझ्यापुढे ठेवून, नेहमीसारखी माझ्या माहेरच्या कुळाच्या नावाने हाक मारून म्हणाले, "मामझिझी, या पाचजणी म्हणजे पाच आज्या आहेत बघ. यांची नातवंडं तू मोजशील." दोन दिवसांनी त्यांचं काळीज थांबलं, ते तुम्हाला सांगायला नको. आम्हाला मूलबाळ झालं नाही, तेही नको.

आता डॉक्टरबाई म्हणतात की या महिनाअखेरपर्यंत या पाचजणींच्या अंड्यांतून एक तरी धड खेप मिळाली नाही, तर तळ्यातले बेडूक बंद. मग परदेशातून पेटीत वाढलेले, गोरे, लाल डोळ्यांचे बेडूक मागवायचे. आणि जुन्यांना परत तळ्यात सोडता येत नाही, तसा नियमच आहे. त्यांचं मग काय करतात ते तुम्हाला लिहीत नाही.

गुन्हा कळायचा तर थोडं काम कळायला हवं. लग्नात तुम्ही विचारलं होतंत, "तू करतेस काय?" तेव्हा मी नुसतं "बेडूक" म्हणून गप्प बसले होते. त्याची आज भरपाई करते. बेडकीच्या अंड्यात, अगदी तळाला, थोडासा वेगळा ऐवज असतो. तो ज्या पेशींच्या वाट्याला येतो त्या बीजपेशी होतात, म्हणजे त्यांच्यातून पुढे त्या बेडकाची स्वतःची प्रजा व्हायची असते. पण या बीजपेशी जन्मतात एकीकडे आणि त्यांचं घर असतं दुसरीकडे. पोटाच्या तळाशी जन्मून, आतड्याच्या कडेकडेने, वर पाठीपर्यंत त्यांना स्वतः चालत जावं लागतं. (डिसेंबरच्या सुट्टीत आपली माणसं केपहून गावाकडे निघतात तशाच, फक्त यांना बस नसते.) पायही नसतात. असतो तो आतला सांगाडा, काठ्यांचा आणि दोऱ्यांचा. आपल्या गोल घराच्या छपराखाली असतो तसाच समजा. फरक इतकाच, की हे घर आपल्या मागच्या काठ्या सोडतं, पुढे नेऊन बांधतं, पुढच्या अंगाने एक फुगवटा बाहेर काढतं, त्यात स्वतःला ओतून घेतं आणि पुन्हा मागच्या काठ्या सोडतं. असं ते घर चालत जातं. मी एकोणीस वर्षं बघते आहे, अजून कंटाळा आला नाही.

त्याच्या पुष्कळ आधीही या काठ्यांचं काम असतं. अंडं फळलं की पहिल्या दीड तासात त्या तळाशी ओळीने उभ्या राहतात आणि अंड्याची साल आतल्या गरावरून जराशी सरकवतात. एवढ्याशा सरकण्यावरून पाठ कुठे आणि पोट कुठे ते ठरतं. तो बीजाचा ऐवजही त्याच एका जागी गोळा करतात. म्हणून तो दीड तास अंड्यांना कुणी हात लावायचा नसतो. अंडी ठेवणं माझ्याकडे, दीड तासानंतर बाहेर काढणं ताकालानीकडे. ताकालानी आमची संशोधक मुलगी, लिम्पोपोची. हुशार आहे. हुशार माणसांवर आधी नजर ठेवावी लागते.

पहिल्या बेडकीची अंडी मी ऑगस्टच्या शेवटी ठेवली. तिसऱ्या दिवशी बघते तर काय, पिल्लांना डोकं नाही, पाठ नाही, शेपूट नाही, नुसती पोटं. थोरल्या चुलतसासऱ्यांची क्षमा मागून सांगते, पण जेवणानंतर ते खुर्चीत बसतात तेव्हा जेवढे दिसतात तेवढंच. दुसरीच्या अंड्यांतून थोडीफार डोकी निघाली, पण बीजपेशी (आम्ही त्यांना हिरवं चकाकायला लावतो, म्हणजे मोजता येतात) भलत्या ठिकाणी विखुरलेल्या. एक शेपटीत, दोन कल्ल्याशी, बाकीच्या वाटेतच मेलेल्या. तिसरीची पुन्हा नुसती पोटं. हाताखालून हजारो अंडी गेली माझ्या, असं कधी झालं नाही. मी गावी गेले तेव्हा सगळं ठीक होतं. आल्यावर बिघडलं. म्हणजे मी नसताना इथे काहीतरी शिजलं.

संशय पहिला, दुमालिसिले भावोजी. तुमच्या भावाच्या जागी बेडकांना खाऊ घालायला आता हे आहेत. (दफनाच्या दिवशी तिसऱ्यांदा मटण वाढून घेतलेले, ते.) मी बेडूकघरात पाय ठेवला की हे दारात आडवे.

"वहिनी, राग मानू नका. शोकातली बाई गोठ्यात गेली की आमच्याकडे गाय आटते."

मी हळू आवाजात विचारलं, "हा गोठा आहे का?"

"गोठ्यासारखंच की. दूध तेवढं नाही."

"आणि तुमच्या घरी गाई किती?"

"एकही नाही."

"मग आटली कोण?"

"म्हणून तर नाहीत!"

मी कपाटाकडे परत फिरले. पण कपाटात खालच्या फळीवर मला रोज एक ओला गोल डाग दिसतो, बाटलीच्या बुडाएवढा. आमच्या कामात बाटली लागत नाही. मंतरलेलं पाणी असावं. भावोजी रविवारी निळा झगा घालून त्यांच्या पंथाच्या प्रार्थनेला समुद्रावर जातात हे मला माहीत आहे.

संशय दुसरा, ताकालानी. मी खोलीत शिरले की फोन खिशात. अंडी बाहेर काढली की आधी माझ्याकडे बघते, मग वहीत काहीतरी लिहिते, मग पुन्हा माझ्याकडे बघते. काही विचारत नाही. आणि कापडाखालच्या डबीवरचा आकडा अठरा हवा, तो गेले कित्येक दिवस एकवीस दाखवतो. तिनेच चावटपणा केला असणार. मी तो एकदा खाली आणायचं बटण दाबून बघितलं, पण आकडा हलला नाही. (बटणालाही शिकवून ठेवलं आहे.)

संशय तिसरा डॉक्टरबाई रीनेट फूरींवर, आणि हा लिहिताना माझा हात जड होतो, कारण दफनाला त्या बारा तास गाडी चालवत आल्या होत्या. पण त्या माझ्याशी फार गोड वागतात. दर सोमवारी घरी भाजलेले टोस्ट आणून माझ्या टेबलावर ठेवतात, हातात देत नाहीत. परवा म्हणाल्या, "नोमाखवेझी, अजून महिनाभर रजा घ्यायची असेल तर सांग हं. कामाचं आम्ही बघू." कामाचं तुम्ही काय बघणार? मला बाजूला करून गोऱ्या बेडकांना जागा करायची आहे, हे समजायला मला वेळ लागला नाही. टोस्ट मात्र चांगले असतात.

मग मी पुरावा गोळा करायला लागले. आधी दाराच्या फटीवर एक केस चिकटवायचं ठरवलं, दार कुणी उघडलं तर तुटावा म्हणून. पण माझं डोकं तुम्हीच भादरलंत. तेव्हा केस मागायला संशयित क्रमांक दोनकडेच जावं लागलं. तिने आपल्या विकतच्या वेणीतला हातभर लांब केस काढून टेबलावर ठेवला. विचारलं काही नाही, नुसते डोळे भरून आले तिचे. (तिला काय वाटलं असेल ते मला अजून कळलेलं नाही.) केस लावला. दिवसाकाठी तो चार वेळा तुटला. त्यातल्या दोनदा मीच दार उघडलं होतं. यातून काही निष्पन्न झालं नाही.

मग मागच्या गुरुवारी बेडूकघरात टाक्यांमागे लपून बसले, शाल डोक्यावरून घेऊन. तिथून काचेच्या खिडकीतून कपाट दिसतं. (खिडकी झाकायची राहिली होती. मी फक्त कपाटाकडेच बघत होते, काचेत बघितलं नाही, हे शपथेवर सांगते.) वीस मिनिटांनी दुमालिसिले भावोजी चर्चचं गाणं म्हणत काळजाची बादली घेऊन आले. माझा गुडघा आखडला होता, तो सरळ करायला मी जराशी उठले. त्यांना टाक्यांमागून एक काळा उंचवटा वर येताना दिसला. बादली खाली, काळीज सगळीकडे, आणि भावोजी गुडघ्यांवर, तुमच्या भावाचं नाव घेत. "मालुंगिसा! मित्रा! तुझे गमबूट मीच नेले! फक्त पावसापुरते! उद्या आणून देतो, उद्याच!" मी म्हटलं, "मी आहे." त्यावर ते आणखीच ओरडले. गमबूट हरवल्याचं मला माहीतही नव्हतं. पुढचा तास आम्ही दोघं मिळून फरशीवरून काळीज वेचत होतो. ते उद्या अजून उजाडायचं आहे.

शेवटी मी माझ्या धंद्यातलं हत्यार काढलं. अंड्याचा कुठला भाग पुढे कुठे जातो ते कळावं म्हणून आम्ही त्यावर एका निळ्या रंगाची खूण करतो. हा रंग बोटाला लागला की आठवडाभर जात नाही. बुधवारी सकाळी हातमोजे घालून मी तो कपाटाच्या मुठीवर आतल्या बाजूने पातळ लावला आणि वाट बघत बसले. दुपारी डॉक्टरबाईंची हनुवटी निळी. त्या विचार करताना हनुवटी धरतात. ताकालानीचा उजवा कान आणि फोन निळा. भावोजींचे ओठ निळे, कारण ते तळलेले वडे खात होते. चार वाजता विद्यापीठाचे कुणी मोठे साहेब पाहुण्यांसह येऊन गेले. ते बाईंशी हस्तांदोलन करून बाहेर पडले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या मिशीचं एक टोक निळं होतं. त्यांना कुणी सांगितलं नाही. माझे हात मात्र स्वच्छ राहिले.

यातून मी एवढाच निष्कर्ष काढला, की ते सगळे सामील आहेत. मोठे साहेबसुद्धा.

चौथी बेडकी काल वाया गेली. पुन्हा पोटं. आता एकच उरली आहे, सगळ्यांत मोठी, डाव्या मांडीवर पांढरा ठिपका असलेली. तुमच्या भावाने तिला तुमचं नाव ठेवलं होतं. हे तुम्हाला कधी सांगणार नव्हते, पण आता गोष्ट इथवर आली आहे. सोमवारी मी सगळ्यांना एकत्र बोलावून तोंडावर विचारणार आहे. शोकात आवाज चढवायचा नसतो, तेव्हा हळू विचारेन. तुमच्याकडून मला काहीही नको. फक्त तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं. हे पत्र उद्या आपल्या गावच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवते. त्याला घरात घेऊन चहा द्या, पण आमच्या इथलं काही विचारू नका. तो गप्पिष्ट आहे.

तुमच्या गुडघ्यांना आराम आणि माझ्या शत्रूंना सद्बुद्धी लाभो, एवढं मागून थांबते.

तुमची,
नोमाखवेझी

ताजा कलम, सोमवार. ड्रायव्हरची बस बिघडली, आता येत्या शनिवारी निघेल म्हणतो. त्यामुळे पाकीट पुन्हा उघडलं. वन्सं, वरची पानं वाचून झाली असतील तर कृपा करून लगेच विसरा.

आज दहा वाजता मी तिघांना कपाटापुढे उभं केलं आणि हळू आवाजात म्हटलं, "तुमच्यापैकी कुणीतरी अंडी बिघडवतंय."  मग ताकालानी म्हणाली, "मा, एक विचारू? तुम्ही अंडी इतकी गार का ठेवता?"

"गार? कोण ठेवतं गार?"

"मी बाहेर काढते तेव्हा बर्फासारखी असतात. मला वाटलं, जुन्या लोकांची काही पद्धत असेल. दर खेपेला वहीत लिहून ठेवते."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्हाला? शोकात? माझी आई मारेल मला!"

डॉक्टरबाईंनी कापड जरासं उचलून आत हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला. आत थर्मामीटर ठेवलं, पारा चारावर. डबीवर एकवीस. त्यांनी डबीपासून ती पांढरी तार बोटाने माग काढत आणली आणि ती कापडाच्या दुमडीत निघाली. वन्सं, त्या तारेच्या टोकाला उष्णता मोजणारा मणी असतो. तो आत हवा. बाहेर असला तर तो खोलीची हवा मोजतो, कपाट अजून गरमच आहे असं समजतो आणि यंत्राला सांगतो, आणखी थंड कर, आणखी थंड कर. आणि त्या काठ्या थंडीत विरघळतात. पहिल्या दीड तासात अंडं गार पडलं की काठ्याच उरत नाहीत, साल सरकत नाही, पाठ ठरत नाही, बीज गोळा होत नाही. हे मला कुणी सांगायला नको. इथे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी हे सांगायचं काम एकोणीस वर्षं माझंच आहे.

तरीही मी म्हटलं (सवय जात नाही), "पण ती तार ओढली कुणी?" बाई वाकून बघायला लागल्या. मूठ निळी. कापडाची कड निळी, कारण सगळे कड धरून कापड उचलतात. तार मात्र टोकापासून डबीपर्यंत पांढरीशुभ्र. म्हणजे तारेला ज्याने हात लावला त्याची बोटं निळी नव्हती. सगळ्यांनी आपापली बोटं पाहिली. मग सगळ्यांनी माझी पाहिली.

दुमालिसिले भावोजींनीच तोंड उघडलं. "मला तर वाटलं, वहिनी आल्यापासून कपाट सुधारलं. माझं ताक असं गार राहायचं! आधी दुपारपर्यंत फसफसायचं." ओला गोल डाग त्यांच्या ताकाच्या बाटलीचा.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बाई एवढंच म्हणाल्या, "मला वाटलं ताकालानीने तुला नव्या कपाटाचं सांगितलं असेल." ताकालानी म्हणाली, "मला वाटलं बाईंनी." भावोजी म्हणाले, "मला कुणी काही विचारतच नाही." अंडी ठेवायच्या रिकाम्या ताटल्या रोज सकाळी त्या कपाटात मी स्वतः खालीवर करत होते. हाताला गार लागत होत्या. पण जूनपासून मला सगळंच गार लागतं, म्हणून त्याचा विचार केला नाही.

आणखी एक, गुरुवार, सकाळी सात. आज पाचवीची पाळी. बाई म्हणाल्या, "तार आत घालू, पण कापडाच्या पिनांमुळे दार नीट बसत नाही, फटीतून हवा जाते. आणि डबीही झाकली जाते. तरी कापड तुझं आहे, मी हात लावणार नाही. तू ठरव." मी काय ठरवणार? काच झाकायला तुम्ही सांगितलंत, तुम्हीच काढायला सांगायला हवं. म्हणजे बघा, मूळ चूक तुमचीच निघते, पण ते राहू द्या. हे पत्र लिहायचं खरं कारण मला आत्ता कळलं. वरच्या पानांत मी म्हटलं होतं की तुमच्याकडून काही नको. ते खोडून वाचा. मला तुमच्या हातची एक ओळ हवी आहे, की कामाच्या जागची काच झाकली नाही तर चालेल, तुमच्या भावाचा त्यात अपमान होणार नाही. ड्रायव्हर चहा पिईस्तोवर लिहून होईल.

अडचण एवढीच, की बस निघणार शनिवारी आणि बेडकी अंडी घालणार आज. तिने सुरुवातही केली आहे. नावाप्रमाणेच तीही कुणासाठी थांबत नाही.

शेवटचं, पुढचा बुधवार. शनिवारी मी पत्र दिलं नाही, ड्रायव्हरला पुढची खेप सांगितली. कारण खाली आहे.

त्या गुरुवारी सकाळी पावणेआठला मी कापड काढलं. पिना एकेक करून काढल्या, घडी केली, खुर्चीवर ठेवली. काचेत ती बाई होतीच. बघायचं नाही म्हटलं तरी दिसली. फार वाळली आहे. शालीची पिन वाकडी लागली आहे, आणि चार महिने मला कुणी सांगितलं नाही. मी ती सरळ केली, तार आत घातली, आकडा अठरावर येईपर्यंत थांबले, आणि अंडी ठेवली. मग दीड तास समोर बसले. कुणी जवळ आलं नाही. अकराच्या सुमाराला बाईंनी टोस्ट आणले आणि पहिल्यांदाच हातात दिले. मी घेतले.

डोकी आली, वन्सं. पाठी आल्या, शेपट्या आल्या. आज सकाळी पहिलं पिल्लू पुन्हा दिव्याखाली ठेवलं. हिरव्या बीजपेशी आतड्याच्या कडेने वर गेल्या होत्या, एका रांगेत, पाठीखाली, घरी. मी मोजल्या, ताकालानीने मोजल्या, मग भावोजींनीही मोजल्या (त्यांना कुणी सांगितलं नव्हतं). सोमवारी मोजल्या तेव्हा बावीस निघाल्या होत्या, एकोणीस पोचल्या. तळ्याचे बेडूक बंद होणार नाहीत.

तेव्हा परवानगीची ती ओळ लिहाच, पण तारीख मागच्या गुरुवारची घाला. सकाळची वेळ घातलीत तर अधिक बरं, पावणेआठच्या आधीची. चादरीचा तुकडा धुऊन ठेवला आहे, निळे डाग निघाले नाहीत. किटलीचा मोजा मी अजून काढलेला नाही, त्याबद्दल तुम्ही वेगळं कळवा.

वाटेत चुकलेल्या त्या तीन कुठे गेल्या ते माहीत नाही. तेवढ्या चुकतातच. मी आता कुणावर संशय घेत नाही. दुमालिसिले भावोजींवर थोडासा आहे. गमबूट अजून परत आलेले नाहीत.